पाण्याच्या वेळा, विजेचा भार आणि वसई-विरारचं डिजिटल जुळं

जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात वसई-विरारला पावसाने अक्षरशः वेढा घातला. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढलं आणि लोकल थांबल्या. लांब पल्ल्याच्या गाडीत अडकलेल्या प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी होड्यांतून बाहेर काढलं. वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसं पाण्याने कोंडली गेली. महावितरणच्या उपकेंद्रात पाणी शिरलं आणि शहराचा मोठा भाग अंधारात गेला. वीज गेली म्हणून सोसायट्यांचे पंप बंद, पंप बंद म्हणून गच्चीवरच्या टाक्या कोरड्या. दाराबाहेर गुडघाभर पाणी आणि घरातल्या नळाला थेंब नाही, अशा अवस्थेत हजारो कुटुंबांनी दिवस काढले.

या साखळीतला एकही दुवा गुप्त नव्हता. उपकेंद्र किती उंचीवर आहे हे महावितरणला माहीत होतं. नाले कुठे तुंबतात हे महापालिकेला ठाऊक होतं. रुळांखालच्या मोऱ्यांची मापं रेल्वेकडे होती. भरती किती वाजता आहे हे तर कोणत्याही कोळ्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण ही सगळी माहिती वेगवेगळ्या कचेऱ्यांत आणि वेगवेगळ्या नकाशांवर होती. ती एकमेकांवर ठेवून ‘अमुक इतका पाऊस भरतीच्या वेळी पडला तर कोणतं रोहित्र पाण्याखाली जाईल आणि त्यामुळे कोणते पंप थांबतील?’ असा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. डिजिटल ट्विन, म्हणजे शहराचं संगणकातलं जुळं, या प्रश्नासाठी असतं.

ही कल्पना शहरांसाठी जन्मली नाही. तिचं मूळ अवकाशयान आणि कारखान्यांत आहे. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानावर प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा जमिनीवरच्या अभियंत्यांनी प्रशिक्षणासाठी बांधलेल्या प्रतियानांवर उपाय करून पाहिले आणि मगच ते अंतराळवीरांना कळवले. पुढे २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या मायकेल ग्रीव्ह्ज यांनी प्रत्येक यंत्राची संगणकीय प्रतिकृती त्याच्याबरोबर आयुष्यभर चालावी, असा विचार मांडला. विमानाची इंजिनं आणि पवनचक्क्या यांना अशी जुळी मिळाली. नंतर हाच विचार इमारतींपर्यंत आणि मग शहरांपर्यंत आला.

शहराचा त्रिमितीय नकाशा म्हणजे डिजिटल ट्विन नव्हे, हे आधी स्पष्ट करायला हवं, कारण जाहिरातींत या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. त्रिमितीय नकाशा शाळेच्या प्रदर्शनातल्या थर्माकोलच्या गावासारखा असतो. एकदा केला की तो तसाच राहतो. जुळ्याच्या आत मात्र तीन गोष्टी चालू असाव्या लागतात. पहिली, जमीन, इमारती, वाहिन्या, नाले यांचा अचूक आराखडा. दुसरी, मीटर, पर्जन्यमापक आणि पाण्याच्या पातळीचे सेन्सर यांच्याकडून सतत येणारे आकडे. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, उष्णता, वारा, पाणी आणि वीज कशी वाहते याची गणितं, म्हणजे ‘असं केलं तर काय होईल’ याचं उत्तर काढता येईल. या तिन्हींतलं एक गळलं तरी पडद्यावर उरतं ते फक्त देखणं चित्र.

सिंगापूरने २०१४ मध्ये ‘व्हर्च्युअल सिंगापूर’ प्रकल्प हाती घेतला. विमानातून लेसर किरणांनी संपूर्ण बेटाची मापं घेतली गेली. कोणत्या छपरावर वर्षभरात किती ऊन पडतं, कोणत्या इमारतीची सावली कुणावर येते, हे त्यातून काढता येऊ लागलं. तिथल्या टेंगा या नव्या वसाहतीत इमारती कशा वळवल्या तर वारा खेळता राहील, याची संगणकावर चाचणी घेऊन मग आखणी झाली. घरांना थंडावा देण्यासाठी तिथे सामायिक शीतकरणाची सोयही केली आहे. फिनलंडची राजधानी हेलसिंकीने वेगळी वाट धरली. शहराच्या त्रिमितीय प्रतिकृतीवर तिने ऊर्जा आणि हवामानाचा नकाशा बसवला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. इमारत किती जुनी, तिला ऊब द्यायला किती ऊर्जा लागते, छपरावर सौर वीज किती निघेल, हे रहिवाशाला घरबसल्या दिसतं. इमारतीच्या दुरुस्तीचा निर्णय शेवटी तिथे राहणारे घेतात, म्हणून आकडेही त्यांच्यासमोर हवेत, हे त्या शहराने ओळखलं.

भारतातलं एक उदाहरण सावध करणारं आहे. आंध्र प्रदेशची नवी राजधानी अमरावती आखताना तिचं डिजिटल जुळं प्रत्यक्ष शहराच्या आधीच तयार करण्याचं ठरलं. त्यासाठी शिकागोची सिटीझेनिथ ही कंपनी पुढे आली. २०१९ मध्ये राज्यातलं सरकार बदललं आणि राजधानीचं कामच काही वर्षं थंडावलं. संगणकातलं शहर कितीही परिपूर्ण असलं तरी राजकीय निर्णयांचा अंदाज त्याच्या गणितात नसतो.

मुंबईच्या परिसरात मात्र काही कामं जमिनीवर उभी आहेत. जून २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि मुंबई महापालिका यांनी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा यंत्रणा सुरू केली. पाऊस, भरती, नद्या, नाले आणि जमिनीचा उतार एकत्र करून कोणत्या भागात पाणी किती चढेल याचा अंदाज ती देते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने राष्ट्रीय महासंगणक मोहिमेत शहरी हवामान, हवा आणि पाणी यांच्या एकत्रित प्रतिमानाचं काम हाती घेतलं. डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीत लोढा समूह आणि आरएमआय या संस्थेने २०२२ पासून घरांची ऊर्जा कमी करण्याचे प्रयोग चालवले आहेत. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणात तर २०३५ पर्यंत देशातल्या प्रमुख शहरांची डिजिटल जुळी उभी करण्याचं उद्दिष्टच लिहिलेलं आहे.

वसई-विरारसाठी या सगळ्याचा अर्थ काय?

हे शहर एका आखणीतून वाढलेलं नाही. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं मिळून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर होती. ती आज किती पुढे गेली आहे, हे विरारहून सुटणाऱ्या कोणत्याही सकाळच्या लोकलला विचारावं. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी वालीव, सातिवली, गोखिवऱ्याचे लहान कारखाने. मधल्या पट्ट्यात रेल्वेच्या दोन्ही अंगांना चिकटून उभ्या राहिलेल्या इमारती. पश्चिमेला केळी आणि फुलांच्या वाड्या, त्यांतली बावखलं, म्हणजे वाड्यांतली छोटी तळी, त्यापलीकडे समुद्र. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. डोंगरावरचं पाणी पश्चिमेला समुद्राकडे जायचं तर वाटेत रूळ, भराव आणि बांधकामं आडवी येतात आणि नेमकी भरती असली तर पाणी मागे फिरतं. २०१८ च्या पुरानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली. पाणी तात्पुरतं साठवणारे धारण तलाव हवेत, अशी शिफारस त्या अभ्यासातून पुढे आली. म्हणजे शहराच्या पाण्याचं गणित मांडायला सुरुवात झालेली आहे. त्याला विजेचं गणित जोडणं बाकी आहे आणि ते जोडलं तर फायदा केवळ पुराच्या दिवसांपुरता राहणार नाही.

पाणी येण्याची वेळ घ्या. वसई-विरारचं बरंचसं पाणी सूर्या प्रकल्पातून येतं. महापालिकेच्या जुन्या योजनेत ते मासवणला उपसून धुकटणला शुद्ध केलं जातं आणि लांबच्या जलवाहिनीने शहरात आणलं जातं. तिथे वीज गेली की शहराचा पाणीपुरवठा कोलमडतो, हे इथल्या रहिवाशांच्या अंगवळणी पडलेलं आहे. २०२३ पासून एमएमआरडीएच्या सूर्या योजनेचं पाणीही मिळू लागलं. १८५ दशलक्ष लिटर हा त्यातला वसई-विरारचा वाटा. तरीही शहरभर नळाला चोवीस तास पाणी नाही. ते विभागवार आणि ठरलेल्या वेळेला येतं. पाणी आलं की जमिनीखालच्या टाक्या भरतात आणि त्या भागातल्या जवळजवळ सगळ्या सोसायट्या थोड्याफार फरकाने एकाच सुमाराला वरच्या टाकीचे पंप लावतात.

हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, एका विभागात ५०० सोसायट्या आहेत आणि प्रत्येकीचा पंप तीन अश्वशक्तीचा, म्हणजे सव्वादोन किलोवॅटच्या आसपास आहे. सगळे एकदम सुरू झाले तर त्या विभागावर मेगावॅटभर भार चढतो आणि तो बहुधा अशाच वेळी, जेव्हा घराघरांत गिझर किंवा वातानुकूलन यंत्रंही चालू असतात. पाण्याचं वेळापत्रक महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग ठरवतो, रोहित्रावरचा भार महावितरण मोजतं. पाण्याची वेळ दोन तासांनी हलवली तर विजेचा माथा किती खाली येईल, हे एकाच पडद्यावर पाहायचं तर दोन्हींचे आकडे एकत्र यायला हवेत. डिजिटल जुळ्याने पहिल्याच वर्षी उत्तर द्यावं असा हा प्रश्न आहे. त्यासाठी कोट्यवधींचं बांधकाम लागत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं.

रोहित्राला याने काय फरक पडतो? खूप. रोहित्राच्या आतल्या गुंडाळीभोवती कागदाचं आवरण असतं आणि उष्णतेने ते जीर्ण होत जातं. आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांप्रमाणे साध्या कागदाच्या आवरणासाठी ९८ अंश सेल्सिअस हे मूळ तापमान धरतात. सर्वांत तापलेल्या बिंदूचं तापमान त्यावर सहा अंशांनी वाढलं की जीर्ण होण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणजे मे महिन्यातल्या दमट रात्री, भार माथ्यावर असताना, रोहित्र आपलं आयुष्य झपाट्याने संपवत असतं. ते एके दिवशी फुटतं तेव्हा ‘अचानक बिघाड’ अशी नोंद होते, पण तो बिघाड कित्येक रात्री साचत आलेला असतो. रोहित्रावर मीटर असेल आणि त्याचे आकडे जुळ्यात जात असतील तर कोणतं रोहित्र कधी थकेल याचा अंदाज उन्हाळ्याआधीच बांधता येतो आणि ते शांतपणे बदलता येतं.

मासवणसारख्या मोठ्या उपसा केंद्रांवर आणखी एक बचत दडलेली असते. पंपाचा वेग पाचव्या हिश्शाने कमी केला तर पाणी सुमारे पाचव्या हिश्शानेच घटतं, वीज मात्र जवळपास निम्म्यावर येते. हा नियम जिथे मुख्य ताकद लांब वाहिनीतल्या घर्षणाविरुद्ध खर्च होते तिथेच नीट लागू पडतो; पाणी सरळ उंच चढवायचं असेल तिथे फायदा बराच कमी. म्हणूनच प्रत्येक पंपाला वेग-नियंत्रक बसवून टाकण्यापेक्षा आधी त्या वाहिनीची संगणकीय प्रतिकृती करून, कोणता पंप किती वेळ आणि किती वेगाने चालवायचा हे ठरवणं शहाणपणाचं.

सौर विजेचं गणित इथे येऊन मिळतं. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीत स्वतंत्र घराला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे, तर गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी प्रतिकिलोवॅट १८ हजार रुपये, ५०० किलोवॅटपर्यंत. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि महाराष्ट्राच्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पण नालासोपाऱ्यातल्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि पावसाळी पत्र्याची शेड असते. शेजारची इमारत दोन मजले उंच असेल तर दुपारनंतर सावली पडते. सावलीचा हिशेब न करता बसवलेली पॅनेलं सोसायटीला निराशच करणार. त्रिमितीय प्रतिकृती हे काम प्रत्येक गच्चीसाठी काही क्षणांत करते. शिवाय पाणी भर दुपारी सोडलं तर गच्चीवरची वीज तिथल्या तिथे पंपाला लागते, माघारी जाळ्यात ढकलावी लागत नाही. पूर्वेच्या कारखान्यांची मोठाली पत्र्याची छपरं यासाठी गच्च्यांपेक्षाही सोयीची. फक्त त्यांचे सांगाडे तेवढं वजन पेलतील का, हे तपासूनच पुढे जावं.

पथदिव्यांचा विषय लवकर आटोपता येतो. एलईडी दिवे आणि बिघाड कळवणारी फीडर-पेटी एवढ्याने तिथलं बहुतेक काम होतं.

थंडाव्याचं मात्र तसं नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्याने देशाची थंडाव्याची गरज २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे आठपट होईल असा अंदाज मांडला. वसई-विरारमध्ये आज जी इमारत उभी राहते ती पुढची चाळीस-पन्नास वर्षं किती वीज खाणार, हे तिच्या पश्चिमेच्या भिंतीवर आणि खिडक्यांवर ठरतं. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. भिंती आणि काचांमधून आत येणाऱ्या उष्णतेला तिने दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली. आपल्यासारख्या उष्ण-दमट प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान सहाव्या हिश्शाएवढं हवं, असंही ती सांगते. दमट हवेत घाम वाळायला वारा लागतो. झाडं आणि पाणी यांचा ओलावा कोरड्या विदर्भात जेवढा गारवा देईल तेवढा कोकणात देत नाही. इथे झाडाची सावली आणि समुद्रावरून दुपारनंतर येणारा वारा हेच खरे मित्र. पश्चिमेला उंच इमारतींची भिंत उभी राहिली तर मागच्या वस्त्यांचा वारा अडतो आणि तिथल्या घरांची विजेची बिलं वाढतात. ज्याने वारा अडवला तो ते बिल भरत नाही. बांधकामाला परवानगी देण्याआधी प्रतिकृतीत वारा वाहवून पाहण्याची सक्ती असावी, असं या लेखकाला ठामपणे वाटतं.

वाड्या आणि बावखलं यांचीही नोंद त्या प्रतिकृतीत त्यांच्या खऱ्या किमतीने व्हायला हवी. बावखल बुजवलं की एक भूखंड मिळतो. पण पावसाचं पाणी मुरण्याची जागा जाते, तेवढं पाणी रस्त्यावर येतं आणि खालच्या अंगाच्या रोहित्राला धोका वाढतो. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी माणसं दशकानुदशकं लढत आली. त्यांच्या म्हणण्याला आकड्यांचं बळ मिळालं तर परवानगीच्या टेबलावर ते डावलणं सोपं राहणार नाही.

अडचणी मोठ्या आहेत. पहिली म्हणजे कागदावर नसलेली इमारत. वसई-विरारमध्ये अनधिकृत बांधकामं मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांत राहणारी बहुतेक माणसं फसवली गेलेली, हातावर पोट असलेली आहेत. मंजूर नकाशांवरून केलेलं जुळं या इमारती वगळेल. पण त्यांत दिवे लागतात, पंप चालतात, पंखे फिरतात. त्यांचा भार रोहित्रावर पडतोच. त्यामुळे मोजणी विमान किंवा ड्रोनमधून, जे उभं आहे त्याचीच व्हावी. मात्र अशी नोंद म्हणजे कायदेशीर मान्यता नव्हे आणि ती पाडकामाची यादीही नव्हे, हे आधीच लेखी ठरवावं लागेल. नाहीतर लोक सर्वेक्षणालाच विरोध करतील आणि तो विरोध रास्त असेल.

दुसरी अडचण खासगीपणाची. नवे मीटर दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने वापर नोंदवू शकतात. घर कधी रिकामं असतं, कोण रात्रपाळी करतं, हे त्यातून सहज कळतं. शहराच्या नियोजनाला एका घराचे आकडे लागतच नाहीत. रोहित्रामागची शे-दोनशे घरं एकत्र करून मिळालेला आकडा पुरतो. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहेच, पण जुळ्याची रचनाच अशी असावी की एकट्या घराचा आकडा त्यात शिरणारच नाही.

तिसरी अडचण मालकीची. हे जुळं कोण चालवणार? वीज महावितरणची, पाणी आणि नाले महापालिकेचे, मोठी जलयोजना एमएमआरडीएची, मोऱ्या रेल्वेच्या. एखाद्या कंपनीला कंत्राट देऊन प्रतिकृती करून घेतली आणि तीन वर्षांनी कंत्राट संपलं, तर आकडे आणि गणितं त्या कंपनीच्या संगणकात अडकून पडतात. आकड्यांची मालकी महापालिकेकडे, स्वरूप खुलं आणि ते वापरायला शिकलेले कायम नोकरीतले अभियंते, या तीन गोष्टी निविदेच्या पहिल्या पानावर असाव्यात.

सगळं शहर एकदम घेण्याची गरज नाही. नालासोपारा किंवा नवघरमधला एखादा फीडर, त्यावरची रोहित्रं, त्या भागातल्या सोसायट्या, एक जलकुंभ आणि एक नाला एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. रोहित्रांवर मीटर, जलकुंभाच्या तोटीवर प्रवाहमापक, नाल्यात पातळी मोजणारे दोन-तीन सेन्सर आणि गच्च्यांची ड्रोनने मोजणी, इतकं साहित्य पुरे. उन्हाळ्यात पाण्याच्या वेळा बदलून रोहित्राचं तापमान किती उतरलं ते पाहावं. पावसाळ्यात कोणती पेटी पाण्याखाली जाईल याचा अंदाज आदल्या दिवशी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष चढलेल्या पाण्याची उंची त्याच्याच शेजारी लिहावी. अंदाज आणि वास्तव यांत जिथे हातभर फरक निघेल, तिथे नाल्याचं माप पुन्हा घ्यायला माणूस पाठवावा.